लिंकन यांची सही

बँकेच्या नोकरीत सह्या पडताळण्यात माझी बरीच वर्षे गेली. म्हणूनच की काय, अब्राहम लिंकन यांच्या एका सहीची हकीकत मला फार आवडते.

लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, ओंडक्यांच्या एका साध्या घरात झाला. नवव्या वर्षी आई गेली. शाळा सगळी मिळून जेमतेम वर्षभर. तरुणपणी भागीदारीत दुकान काढले, ते बुडाले. पुढे भागीदारही वारला. तेव्हा त्याच्या वाट्याचे कर्जही लिंकन यांनी अंगावर घेतले आणि काही वर्षांत सगळे फेडले. स्वतःच अभ्यास करून ते वकील झाले आणि १८६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतील राज्ये फुटून निघाली आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. एरवी राज्यांतील गुलामगिरीला हात लावण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नव्हता. पण युद्धात सरसेनापती या नात्याने शत्रूचे बळ तोडता येत होते, आणि दक्षिणेचे बळ गुलामांच्या श्रमांवर उभे होते. त्याच आधाराने १ जानेवारी १८६३ रोजी बंडखोर भागातील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा निघाला. त्या दिवशी नववर्षाच्या भेटीला आलेल्यांशी तासन्‌तास हस्तांदोलन करून लिंकन यांचा हात थरथरत होता. सही डळमळीत दिसली तर मन डळमळीत होते असे लोक म्हणतील, म्हणून ते थोडे थांबले आणि मग सावकाश पूर्ण नावाने सही केली.

हुकूम अपुरा होता. केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही गुलामगिरीची राज्ये फुटली नव्हती. तिथे तो लागू नव्हता. तरीही उत्तरेचे सैन्य पुढे सरकले तसे लाखो लोक मुक्त झाले. कृष्णवर्णीयांना सैन्यात घेतले जाऊ लागले. सुमारे १,८०,००० जण भरती झाले.

युद्ध संपल्यावर न्यायालय हा हुकूम रद्द करील, अशी लिंकन यांना धास्ती होती. म्हणून त्यांनी घटनादुरुस्तीचा आग्रह धरला. ३१ जानेवारी १८६५ रोजी ती प्रतिनिधिगृहात मंजूर झाली. १४ एप्रिलला त्यांना गोळी घातली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले. डिसेंबरात पुरेशा राज्यांची संमती मिळून दुरुस्ती घटनेत आली. ते पाहायला लिंकन नव्हते.

१८७३ साली महात्मा फुले यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. त्या सहीची दखल मराठीने अशी दहा वर्षांतच घेतली.