सार्वजनिक काका आणि कुणब्याचे खत

तुमच्या घरात पणजोबाच्या वेळची कागदांची पेटी असेल तर एकदा उघडून बघा. एखादे जुने कर्जाचे खत हाती लागले तर सहीच्या जागी सही दिसणार नाही. तिथे वेडावाकडा नांगर काढलेला असेल. अक्षरओळख नसलेल्या कुणब्याची ही निशाणी. वर काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसे. लिहिणारा सावकाराचा, साक्षीदारही बहुधा सावकाराच्याच ओळखीचे.

मात्र आपल्या तालुक्यात अशी खते फारशी उरली नसतील, आणि त्याला कारण आहे. १८७५ च्या मे-जून महिन्यांत श्रीगोंदा, पारनेर, नगर आणि कर्जत तालुक्यांतल्या गावकऱ्यांनी सावकारांच्या दारात जाऊन खते मागून घेतली आणि जाळली. इतिहासाच्या पुस्तकात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्याच काळात पुण्यात एक वकील होते. कागद जाळून न थांबता सरकारशी कागदानेच कसे लढायचे, हे त्यांनी लोकांना शिकवले. गणेश वासुदेव जोशी हे त्यांचे नाव. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत.

काकांचा जन्म १८२८ चा, साताऱ्याचा. तरुणपणी पुण्यात आले, सरकारी नोकरी केली, पुढे वकिलीची परीक्षा देऊन कोर्टात उभे राहू लागले. वकिली बरी चालली. एवढ्यावरच राहिले असते तर आज त्यांचे नाव कोणाला आठवले नसते.

निमित्त झाले पर्वती देवस्थानचे. तिथल्या कारभाराविषयी पुण्यात तक्रारी होत्या. त्या मांडायच्या कोणी, आणि मांडल्या तर सरकारने ऐकायच्या का? चार शहाण्यांनी सही करून दिलेला अर्ज साहेब सहज बाजूला टाकी. तुम्ही कोणाचे, एवढेच विचारले की संपले. काकांनी यावर वकिली तोड काढली. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा निघाली आणि तिचा नियम असा ठरला, की सभासद व्हायचे तर निदान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. सुरुवातीचे ९५ सभासद सुमारे सहा हजार लोकांचे मुखत्यार होते. देशात निवडणूक हा शब्दही रुळला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे. आता साहेबाने विचारले तर दाखवायला कागद होता.

सभेचे काम सावकारी आणि शेतसाऱ्याकडे वळले, तिथून हा विषय आपला होतो. १८७२-७३ मध्ये सभेने शेतकऱ्यांच्या हलाखीची चौकशी केली. माणसे गावोगाव गेली, माहिती घेऊन आली. त्या वेळची स्थिती बघा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस थांबला, इकडे भाव चढले. सावकार मागेल त्याला कर्ज देऊ लागला. युद्ध संपले आणि भाव कोसळला. तेवढ्यात जुन्या पाहणीची तीस वर्षांची मुदत भरली आणि १८६७ पासून पुणे जिल्ह्यात इंदापूरपासून वाढीव सारा बसू लागला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताला तीनच वर्षांची मुदत ठेवली होती. कायदा केला होता कुळाच्या भल्यासाठी. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार जुन्या खतातले व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेई, की पुन्हा त्यावर व्याज. कूळ कोर्टात गेलेच नाही तर एकतर्फी हुकूमनामा, आणि मग जप्ती. चांगल्या हेतूने केलेला कायदा गावात पोचेपर्यंत असा उलटा होतो, हे तुम्हाला नवे सांगायला नको.

वाढीव साऱ्याविरुद्ध सभेने अर्जांवर अर्ज केले. ओरड वाढली तेव्हा ऑक्टोबर १८७४ मध्ये मुंबई सरकारने वाढीला मर्यादा घातली: तालुक्यावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के, एका खातेदारावर फार तर दुप्पट. हे यश एकट्या काकांचे म्हणणे बरोबर नाही, पण अर्जांचा रेटा त्यात होता.

सावकाराचे ओझे मात्र तसेच राहिले. डिसेंबर १८७४ मध्ये घोडनदीपलीकडे शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला आणि नदी ओलांडून आपल्याकडे आला. मारहाण थोडी झाली. लोकांना खते हवी होती. सावकाराने दिली की बहुतेक ठिकाणी गर्दी पांगे. सरकारने चौकशीला कमिशन नेमले. इकडे पुण्यात सभेच्या मंडळींनी लवाद कोर्ट उभे केले, म्हणजे पंचांपुढे तंटा मिटवायचा, कोर्टफी आणि खेटे वाचवायचे. ज्या वकिलाचे पोट कोर्टावर, त्यानेच लोकांना कोर्टाबाहेर न्यावे, हे मला काकांच्या चरित्रात फार मोठे वाटते.

खादीचे तर अनेकांना ठाऊकच नाही. १२ जानेवारी १८७२ रोजी काकांनी हाताने काढलेल्या सुताचे देशी कापडच वापरायची शपथ घेतली. तेव्हा गांधीजी दोन वर्षांचे होते. देशी मालाची दुकाने काढण्याचा खटाटोपही काकांनी केला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी पुण्यात स्त्री-विचारवती सभा चालवली. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे जरतारी पोशाखात बसलेले असताना काका पांढऱ्या खादीत हजर राहिले आणि सभेचे मानपत्र देऊन हक्कांची मागणी करून आले.

दरबार भरला तेव्हा आपल्याकडे दुष्काळ होता. १८७६-७७ मध्ये सभेची माणसे दुष्काळी गावांतून बातमी पाठवीत आणि पुण्याहून ती सरकारकडे जाई. दुष्काळी कामावरची मजुरी कापली तेव्हा हजारो लोकांनी कामे सोडली. सभेने त्यांची बाजू उचलून धरली. श्रीगोंद्यावरून जाणारी दौंड-मनमाड रेल्वे १८७८ ला सुरू झाली, तिच्या मातीकामाला याच दुष्काळातले हात लागलेले आहेत.

आता एक बाजू लपवणे बरे नव्हे. सभेत ब्राह्मण, सरदार, इनामदार आणि पैसेवाले यांचाच भरणा होता. जोतीराव फुल्यांनी या सभेवर सडकून टीका केली. शेतकऱ्याच्या नावाने बोलणारे शेतकऱ्यातले किती, हा त्यांचा सवाल होता. सवाल खरा होता. पन्नास सह्यांचे मुखत्यारपत्र कुणब्याकडून घेता येई, पण सभेत बोलायला कुणबी कितीसा येई?

काकांची खरी परीक्षा १८७९ ला झाली. वासुदेव बळवंत फडक्यांनी सरकारविरुद्ध बंड केले, जुलैत ते पकडले गेले आणि पुण्यात खटला उभा राहिला. पुण्यातल्या सुशिक्षितांवर सरकारचा आधीच डोळा होता. फडक्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःच्या नावावर काट मारून घेणे. काकांचा मार्ग अर्जाचा, फडक्यांचा हत्याराचा; दोघांचे जमण्यासारखे नव्हते. तरी काका कोर्टात उभे राहिले. आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, एवढेच त्यामागे असावे. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. त्यांना एडनला नेले आणि तिथेच १८८३ ला ते वारले.

त्याच वर्षी, १८७९ मध्ये, दख्खन शेतकरी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. न्यायाधीशाने खतावरचा आकडा डोळे मिटून मानायचा नाही, कर्ज मुळात किती होते ते तपासायचे, आणि कर्जापायी कुळाला कैद करायची नाही, असे त्यात आले. सावकारांनीही वाट शोधली. गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले, जमीन परत देण्याचा शब्द तोंडी. आजही बेकायदा सावकारी अशाच खरेदीखताआड चालते. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात अशी जमीन चौकशीअंती परत देण्याची तरतूद आहे. ज्यांना गरज असेल त्यांनी सहकार खात्याच्या निबंधकाकडे लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी.

नव्या कायद्याने निकाल कसे लागतात ते बघायला काकांना वर्षही मिळाले नाही. जुलै १८८० मध्ये, बावन्नाव्या वर्षी ते पुण्यात वारले.