लक्ष्मीबाई टिळक : एका घरातील धर्म

‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आपल्यापैकी अनेकांनी शालेय पाठ्यपुस्तकातील उताऱ्याच्या रूपाने वाचलेले असेल. त्या उताऱ्यांतील विनोद लक्षात राहतो. विनोदाच्या तळाशी असलेला संघर्ष मात्र पुष्कळदा निसटून जातो. या घटकात लक्ष्मीबाईंचे चरित्र आपण एका मर्यादित प्रश्नाच्या अनुषंगाने पाहणार आहोत. धर्म एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो तो नेमका कोणत्या वाटेने? देऊळ, चर्च, पोथी, पाठशाळा ही उत्तरे चटकन सुचतात. आपल्यापैकी बहुतेक जण नोकरी व संसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. आपण आपल्याच घराकडे पाहिलेत, तर या वाटेचा बराच भाग स्वयंपाकघरातून जातो, हे आपल्या ध्यानात येईल.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर या गावी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. १८५७ च्या धामधुमीत जवळच्या एका आप्ताला फाशी झाली आणि त्या आघाताने वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही, अमक्याला शिवायचे नाही, तमक्याची सावली पडू द्यायची नाही, असा त्या घराचा नित्यक्रम होता. मनूला धर्म म्हणून जे मिळाले ते कोणी बसवून शिकविलेले नव्हते. पाण्याची घागर, ओले वस्त्र, चुलीभोवतीची रेषा हीच तिची पहिली पाठ्यपुस्तके. असा धर्म विचाराने स्वीकारलेला नसतो, म्हणून तो विचाराने सुटतही नाही. पुढील कथा समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक कवी, उत्तम वक्ते, कमालीचे उदार आणि तितकेच तापट. पत्नीला अक्षरओळख करून देण्याचे त्यांचे प्रयत्न उत्साहाने सुरू होत व चिडचिडीत संपत. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला. दोन वर्षांच्या वाचन-मननानंतर, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी त्यांचा मुलगा दत्तू जेमतेम तीन-चार वर्षांचा होता. आधीची अपत्ये लहानपणीच दगावली होती. हे एकुलते एक मूल हाती होते.

लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पंढरपूरच्या मुक्कामाचे दिवस त्यांतलेच. पुढची सुमारे पाच वर्षे पती-पत्नींची ताटातूट होती. या काळाचे वर्णन करताना चरित्रकार बहुधा पतिविरहावर भर देतात. मला येथे मुलाची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. वडील समाजाच्या दृष्टीने बाटलेले, आई सोवळ्यातली. या मुलाने कोणाचा धर्म घ्यायचा? आजही आंतरधर्मीय विवाहाच्या अनेक घरांत हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, हे आपणांस ठाऊक आहे.

लक्ष्मीबाई अखेर मुलासह पतीकडे आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. अहमदनगरच्या वास्तव्यात त्यांचे सोवळे, त्यांचे निराळे पाणी, त्यांची निराळी चूल हे सर्व चालू राहिले आणि टिळकांनी ते चालू दिले. टिळकांच्या उतावळ्या स्वभावाकडे पाहता हा संयम नवलाचा आहे. धर्मांतराची सक्ती त्यांनी केली नाही. एकाच छपराखाली दोन धर्म नांदत होते, आणि मुलाचे येणे-जाणे दोहोंकडे होते.

पुढे महाबळेश्वरच्या मुक्कामात लक्ष्मीबाईंच्या मनात जातीविषयी विचारांचे काहूर उठले. पशुपक्ष्यांत ही उतरंड नाही. मग माणसांतली उतरंड देवाने घातली की माणसाने? या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशीच निकाल लावला आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम आपण नीट पाहावा. सिद्धान्ताच्या चर्चेने त्यांचे मन वळले नाही. जो धर्म लहानपणी पाण्यातून व अन्नातून आला होता, तो पाण्याच्या व अन्नाच्याच प्रश्नावर सुटला.

यानंतरचे टिळकांचे घर म्हणजे एक धर्मशाळाच होती. टिळक वाटेत भेटलेल्या निराधार मुलांना घरी आणीत. खिशात पैसा असो वा नसो. त्यांच्या तोंडी घास घालण्याची जबाबदारी अर्थातच लक्ष्मीबाईंची. शेजाऱ्यावर प्रेम करावे ही शिकवण त्या घरातील मुलांनी ताटात वाढताना पाहिली, आणि तिच्यापायी होणारी आईची ओढाताण व आईबापांची भांडणेही पाहिली. टिळकांच्या औदार्याचे गोडवे गाणाऱ्यांनी त्याचा हिशेब कोणी सांभाळला हे विसरू नये. तरुण बालकवी ठोमरे याच घरात काही काळ राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. बालकवी हिंदूच राहिले, आणि त्या मायेत त्यामुळे काही उणे पडले नाही.

भाषेचा अभ्यासक म्हणून एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. मिशनऱ्यांच्या प्रभावाखालील तत्कालीन ख्रिस्ती मराठी पुष्कळदा भाषांतराच्या वळणाची होती. उपासनेतील अनेक गीते पाश्चात्त्य चालींवर बेतलेली. अशी भाषा रविवारी चर्चमध्ये चालते. अंगणात, माजघरात ती रुळत नाही. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे घरगुती घाट ख्रिस्तभक्तीसाठी वापरले. वारकरी संतांचे, विशेषतः तुकारामांचे ऋण ते उघडपणे मानीत. त्यामुळे मराठी ख्रिस्ती मुलाला देवाशी बोलण्यासाठी आईच्या भाषेचा उंबरा ओलांडण्याचे कारण उरले नाही. टिळकांची पदे महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांच्या प्रार्थनेत आजही म्हटली जातात. त्यांचा प्रसार छापील पुस्तकाने झाला तितकाच तोंडपाठ करण्याने झाला असावा, असे मला वाटते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. नंतरची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी कराचीलाही काढली. ज्या बाईला जोडाक्षरांनी आयुष्यभर चकविले, तिने आपल्या आठवणी लिहिण्यास घेतल्या त्या मुलाच्या आग्रहावरून. तो दत्तू आता देवदत्त नारायण टिळक झाला होता. त्याच्या ‘संजीवनी’ पत्रात त्या आठवणी क्रमशः आल्या आणि १९३४ पासून भागाभागांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. आईच्या सोवळ्याचे, बापाच्या तापटपणाचे, घरातील दारिद्र्याचे उघडे चित्रण त्या मुलानेच लोकांसमोर आणले. धार्मिक कुटुंबे सहसा आपल्या पूर्वजांना धुवून-पुसून पुढच्या पिढीच्या हाती देतात. टिळकांच्या घराने तसे केले नाही.

‘ख्रिस्तायन’ या काव्याची हकीकतही येथे नोंदविली पाहिजे. येशूचे समग्र चरित्र मराठी ओवीत आणण्याचा टिळकांचा संकल्प होता. सुरुवातीचे काही अध्याय लिहून ते गेले. लक्ष्मीबाईंनी उतारवयात त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचा मृत्यू झाला, तेव्हाही काव्य पुरे झालेले नव्हते. शेवटचा अध्याय देवदत्ताने लिहिला.