विश्लेषण : पंजाबच्या शेवटच्या महाराजांना पुन्हा पंजाबात पाऊल का ठेवू दिले नाही?

नाशिकमध्ये गोदावरीच्या पंचवटीकडील काठावर 1924 पर्यंत एक छोटी समाधी होती. ती पंजाबच्या महाराणी जिंद कौर यांची. महाराजा रणजितसिंग यांच्या या राणीचे 1 ऑगस्ट 1863 रोजी लंडनमध्ये निधन झाले. आपले अंत्यसंस्कार लाहोरला व्हावेत अशी त्यांची इच्छा होती, पण ब्रिटिशांनी परवानगी नाकारली. 1864 मध्ये मुलगा आईचे पार्थिव घेऊन मुंबईपर्यंत आला. तिथून पंजाबकडे जायला त्याला मनाई होती. अखेर गोदाकाठी आईची समाधी उभारून तो परत निघाला.

तो मुलगा म्हणजे महाराजा दुलीपसिंग. शीख साम्राज्याचे शेवटचे राजे.

गादी मिळाली कशी आणि गेली कशी?

दुलीपसिंग यांचा जन्म सप्टेंबर 1838 मधला. पुढच्याच वर्षी रणजितसिंग गेले आणि लाहोर दरबारात एकापाठोपाठ एक खून पडू लागले. 1843 मध्ये अवघ्या पाच वर्षांच्या दुलीपसिंग यांना गादीवर बसवण्यात आले. कारभार आईच्या हाती आला.

पहिल्या इंग्रज-शीख युद्धात शिखांचा पराभव झाला. त्यानंतर डिसेंबर 1846 मध्ये भैरोवालचा तह झाला. हा तह नीट समजून घ्यायला हवा, कारण दुलीपसिंग यांचा पुढचा सगळा दावा त्यावरच उभा होता. महाराजा 16 वर्षांचे होईपर्यंत, म्हणजे सप्टेंबर 1854 पर्यंत, ब्रिटिश रेसिडेंटच्या देखरेखीखाली कारभार चालेल, असे त्यात ठरले. लाहोरमध्ये ब्रिटिश फौज राहील आणि तिच्या खर्चासाठी दरबार वर्षाला 22 लाख रुपये देईल. थोडक्यात, राजा अल्पवयीन आणि ब्रिटिश त्याचे पालक.

ऑगस्ट 1847 मध्ये तेजसिंग या सरदाराला राजा हा किताब द्यायचा होता. पहिल्या युद्धात त्याने दगा दिला, असे अनेक शीख मानत. भर दरबारात त्याच्या कपाळी टिळा लावायला दुलीपसिंग यांनी नकार दिला. वय नऊ वर्षेही पूर्ण नव्हते! यामागे आईची फूस आहे असे ब्रिटिशांनी ठरवले आणि काही दिवसांतच जिंद कौर यांना लाहोरमधून हलवले. मायलेकांची पुन्हा भेट व्हायला 13 वर्षे लागली.

1848 मध्ये मुलतानमध्ये दोन ब्रिटिश अधिकारी मारले गेले, बंड पसरले आणि दुसरे युद्ध झाले. गव्हर्नर जनरल होते लॉर्ड डलहौसी. त्यांनीच 1848 मध्ये वारस नाही म्हणून साताऱ्याची गादी खालसा केली होती. पंजाबात तर गादीवर राजा होता, त्याने बंड केले नव्हते आणि बंड मोडायची जबाबदारी पालकांची होती. तरीही 29 मार्च 1849 रोजी पंजाब खालसा झाला. दहा वर्षांच्या मुलाकडून कागदावर सही घेतली गेली. राज्य गेलेच, शिवाय कोहिनूर राणी व्हिक्टोरियाला देण्याचे कलमही त्या कागदात होते. बदल्यात महाराजा, त्यांचे नातेवाईक आणि सेवक मिळून वर्षाला चार ते पाच लाख रुपये पेन्शन.

पालकानेच पाल्याची मालमत्ता घेतली, हा दुलीपसिंग यांचा पुढे मुख्य मुद्दा झाला. त्याला सरळ उत्तर सरकारकडून कधीच मिळाले नाही.

राणीचा लाडका ते कर्जबाजारी जमीनदार

दुलीपसिंग यांना उत्तर प्रदेशातील फतेहगडला नेण्यात आले. डॉ. जॉन लॉगिन हे त्यांचे नवे पालक. आई जवळ नव्हती. 1853 मध्ये, वयाच्या 14 व्या वर्षी, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढच्या वर्षी ते इंग्लंडला पोहोचले.

व्हिक्टोरियाला हा देखणा राजपुत्र फार आवडला. तिने त्यांचे चित्र काढून घेतले. त्याच काळात बकिंगहॅम राजवाड्यात त्यांना कोहिनूर दाखवण्यात आला. तोवर नव्याने पैलू पाडल्याने हिऱ्याचे वजन सुमारे 186 कॅरेटवरून 105 च्या आसपास आले होते. दुलीपसिंग यांनी तो काही वेळ न्याहाळला आणि स्वतः राणीच्या हातात ठेवला. दुसरे ते काय करू शकणार होते?

जानेवारी 1861 मध्ये कोलकात्यात आईची भेट झाली. दृष्टी जवळपास गेलेली. त्याच वेळी चीनच्या युद्धावरून परतलेले शीख सैनिक शहरात होते. महाराजा आलेत हे कळताच हॉटेलबाहेर त्यांची गर्दी जमली. सरकार धास्तावले आणि दुलीपसिंग यांना लगोलग परत पाठवण्यात आले. आई सोबत गेली. पुढची अडीच वर्षे मायलेक इंग्लंडमध्ये होते आणि गेलेल्या राज्याच्या गोष्टी मुलाला आईकडून कळल्या.

आईचे अंत्यविधी उरकून परतताना त्यांनी अलेक्झांड्रियात बांबा म्युलर यांच्याशी लग्न केले. कैरोतील मिशनरी शाळेत वाढलेल्या बांबा या जर्मन वडील आणि इथिओपियन आईच्या कन्या. सफोकमधील एल्व्हेडन येथे 17 हजार एकरांची, म्हणजे सुमारे 69 चौरस किलोमीटरची इस्टेट घेऊन त्यांनी आत लाहोरच्या धर्तीवर महाल सजवला. शिकार, मेजवान्या, जुगार यांत पैसा वाहत होता. कर्ज वाढण्यात त्यांचा स्वतःचा वाटाही मोठा होता, हे मान्य करावे लागते.

मग त्यांनी जुने कागद काढले. तहातील पेन्शन अनेकांची मिळून होती. त्यातले लोक वारत गेले, तर उरलेली रक्कम कुणाची? पंजाबातील खासगी जमिनी आणि मिठाच्या खाणींचे काय? सरकारने दाद दिली नाही. 1882 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदाच केला : महाराजांच्या मृत्यूनंतर इस्टेट विकून कर्ज फेडायचे. म्हणजे मुलांसाठी घरही राहणार नव्हते. सुरुवातीला हिशेबाचे असलेले भांडण इथून गादीचे झाले.

बंड फसले का?

31 मार्च 1886 रोजी कुटुंबासह ते भारताकडे निघाले. एडनमध्ये त्यांना अटक झाली. पत्नी आणि मुलांना इंग्लंडला परतावे लागले. त्यांनी मात्र एडनमध्येच अमृत घेऊन पुन्हा शीख धर्म स्वीकारला, मग पॅरिस गाठले, पेन्शन नाकारली आणि स्वतःला शिखांचा सार्वभौम राजा जाहीर केले. चुलतभाऊ ठाकूरसिंग संधावालिया यांनी फ्रेंच पुदुच्चेरीतून भारतातील सूत्रे हलवायची, असे ठरले.

मार्च 1887 मध्ये पॅट्रिक केसी या आयरिश नावाच्या पासपोर्टवर ते रशियाला निघाले. बर्लिन स्टेशनवर पैसे आणि कागद चोरीला गेले. तरीही ते मॉस्कोला पोहोचले. रशियाने भारतावर स्वारी करावी, पंजाब उठेल, असा त्यांचा झारपुढे प्रस्ताव होता. त्यांचा आधार होते वजनदार संपादक मिखाइल कातकोव. ऑगस्टमध्ये कातकोव गेले, त्याच महिन्यात पुदुच्चेरीत ठाकूरसिंग गेले आणि सप्टेंबरमध्ये लंडनमध्ये बांबा गेल्या. दुलीपसिंग तेव्हा रशियातच होते आणि सोबत होती एडा वेदरिल ही तरुणी, जिच्याशी त्यांनी 1889 मध्ये लग्न केले. सहा मुले तिकडे पोरकी झाली होती. झारकडून हाती काही लागले नाही. पॅरिसमधील त्यांच्या विश्वासू वर्तुळात तर ब्रिटिशांचा हेरच बसला होता.

शेवट आणि वारस

1890 मध्ये पक्षाघाताचा झटका आला. त्यांनी राणीची माफी मागितली आणि ती मिळाली. मार्च 1891 मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये दोघांची भेट झाली तेव्हा ते रडले. 22 ऑक्टोबर 1893 रोजी पॅरिसमधील एका हॉटेलात, 55 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांना एल्व्हेडनच्या चर्चच्या आवारात ख्रिस्ती पद्धतीने पुरण्यात आले. त्यांच्या आठही मुलांचा वंश पुढे चालला नाही. कन्या सोफिया ब्रिटनमधील महिला मताधिकाराच्या लढ्यात गाजल्या. थोरल्या कन्या बांबा लाहोरला राहायला गेल्या आणि 1924 मध्ये आजीच्या अस्थी नाशिकहून नेऊन त्यांनी रणजितसिंग यांच्या समाधीजवळ ठेवल्या.

दुलीपसिंग यांचे अवशेष भारतात आणून शीख पद्धतीने अंत्यसंस्कार करावेत, अशी मागणी अधूनमधून होते. कबर अजून एल्व्हेडनमध्येच आहे.