पाणवठ्याचा ठराव आणि रावबहादूर सीताराम केशव बोले

चवदार तळ्याचा इतिहास आपल्या विद्यालयातील पाचवीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येतो. २० मार्च १९२७ ही तारीख, रांगेने निघालेले हजारो स्त्री-पुरुष, तळ्याच्या पायऱ्या आणि बाबासाहेबांची पाण्याने भरलेली ओंजळ, हे सारे आपल्या घराघरांत तसबिरीसारखे लावलेले आहे. मात्र त्या मोर्चाच्या हाती कायदेमंडळाचा कोणता आधार होता, असे विचारले तर जाणकारही ‘बोले ठराव’ या दोन शब्दांवर थांबतात. ठरावाचे नाव राहिले, ठराव मांडणारा माणूस मागे पडला. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याच्याकडे आणि त्याच्या आयुष्यातील एका दिवसाकडे पाहावे, असा हेतू आहे.

सीताराम केशव बोले यांचा जन्म १८६८ चा, मुंबईच्या भंडारी समाजातला. माडाच्या झाडावर जगणारा हा समाज. त्याला अस्पृश्यतेचे चटके बसले नव्हते. पण वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या पंगतीत त्याला स्थान होते, असेही नव्हते. जातीच्या शिडीवर मधल्या पायरीवर उभा असलेला माणूस बहुधा वर पाहतो आणि खालच्याला पायाने ढकलतो. बोले यांनी खाली पाहिले आणि हात दिला. त्यांच्या चरित्रातील ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण त्या काळात ती फारच थोड्यांना जमली. आपल्या ज्ञातीत शिक्षणाचा प्रसार करण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे ते गिरणी कामगारांकडे वळले. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणगावात कामगार चळवळीचे जे बी पेरले होते, ते लोखंडे यांच्या निधनानंतर सुकत चालले होते. १९०९ मध्ये कामगार हितवर्धक सभा स्थापन झाली, तीत बोले अग्रभागी होते. सभेचे धोरण आजच्या कामगार संघटनांच्या मानाने सौम्य होते. अर्ज, विनंत्या, तडजोड, व्यसनमुक्ती, शिक्षण यांवर तिचा भर असे. पण गिरणीत बारा-बारा तास राबणाऱ्या माणसाच्या बाजूने बोलणारे तेव्हा होतेच किती?

आपल्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा प्रसंग याच्याही दोन वर्षे आधीचा आहे. १९०७ साली परळच्या चाळीत राहणारा भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. अस्पृश्य समाजातील मुलाने ही मजल मारावी, हे अपूर्व होते. त्याच्या अभिनंदनासाठी सभा भरली. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात या सभेचे अध्यक्ष म्हणून सीताराम केशव बोले यांचे नाव येते. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावाला भेट दिले, ते याच प्रसंगी. एका ग्रंथाने एका मुलाच्या मनात काय पेरले आणि एकोणपन्नास वर्षांनी नागपूरच्या भूमीवर त्याचे काय उगवले, हे धम्माचे नाव धारण करणाऱ्या आपल्या संस्थेत निराळे सांगायला नको. त्या दिवशी अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेल्या गृहस्थांना याची कल्पना असणे शक्य नव्हते.

आता त्या कायदेमंडळाविषयी थोडे. आज महाराष्ट्राच्या विधिमंडळात विधानसभा हे खालचे आणि विधान परिषद हे वरचे सभागृह आहे. १९२३ साली मुंबई इलाख्यात ही दोन दालने नव्हती. १९१९ च्या सुधारणा कायद्याने घडविलेले एकच सभागृह होते, मुंबई विधान परिषद, म्हणजे त्या वेळच्या बोलीत ‘कौन्सिल’. १९३७ साली विधानसभा निर्माण झाली, तेव्हा परिषद हे नाव वरिष्ठ सभागृहाकडे गेले आणि ते आजतागायत तेथेच आहे. जुन्या परिषदेत १११ सभासद होते. त्यांतील बहुसंख्य निवडून येत. पण मताचा अधिकार मालमत्ता, सारा आणि कर यांवर अवलंबून असल्याने गावकुसाबाहेरच्या माणसाला मतदार होणेच दुरापास्त होते, मग निवडून येणे दूरच. अस्पृश्यांच्या वतीने सरकारने नेमलेला एकच सभासद तेथे बसे, आणि तो मान ‘मूकनायक’चे संपादक राहिलेल्या ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांना मिळाला होता. शंभरावर खुर्च्यांमध्ये एक खुर्ची! अशा सभागृहात अस्पृश्यांच्या हक्काचा प्रश्न आणायचा, तर तो दुसऱ्या कोणी तरी आपला मानून आणणे भाग होते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांनी तो आणला. त्यांचा ठराव परिषदेत संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेले वा राखलेले, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले सर्व सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा उपयोग करण्यास अस्पृश्य वर्गांना मुभा असावी, अशी शिफारस परिषदेने सरकारला केली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा ठराव शब्दाशब्दाने वाचावा असा आहे. त्यात दयेची भाषा नाही. धर्मशास्त्रात काय लिहिले आहे आणि काय नाही, या वादात तो शिरत नाही. अस्पृश्य बांधवांना जवळ करा, असा उपदेशही करत नाही. सारा भर पैसा कोणाचा आणि ताबा कोणाचा यावर आहे. जे सार्वजनिक तिजोरीतून झाले, ते सार्वजनिक. आणि ज्याच्या कष्टातून आणि करातून ती तिजोरी भरते, तो त्या जनतेतला. पाण्याचा प्रश्न बोले यांनी शिवाशिवीच्या प्रांतातून उचलला आणि हिशेबाच्या वहीत नेऊन ठेवला. दुसरी गोष्ट यादीची. आपण नेहमी पाणवठ्यापाशी थांबतो, पण त्या यादीत शाळा आहे, न्यायालय आहे, दवाखाना आहे. ज्या काळात अस्पृश्याच्या लेकराला शाळेच्या ओट्यावर वा वर्गाबाहेर बसावे लागे आणि आजाऱ्याची नाडी पाहायला वैद्य कचरत असे, त्या काळातली ही यादी आहे.

तरीही एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्या भाषणांतून आणि लेखांतून ‘बोले कायदा’ असा शब्द सर्रास येतो. तो कायदा नव्हता. विधेयक संमत होऊन त्याला मंजुरी मिळाली की कायदा होतो, आणि तो मोडणाऱ्याला शासन करता येते. ठराव ही सरकारला केलेली शिफारस. ती पाळणे सरकारच्या इच्छेवर, आणि न पाळणाऱ्याला कसलीही शिक्षा नाही. परिषदेने दार उघडावे असे म्हटले. दाराला आतून कडी लावणाऱ्याचे काय करायचे, ते म्हटले नाही.

सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी हुकूम काढला. त्याची रचना पाहण्याजोगी आहे. ज्या जागा व संस्था सरकारच्या मालकीच्या आणि सरकारच्या खर्चाने चालणाऱ्या, त्यांच्यापुरता ठराव अमलात आणावा, असे खातेप्रमुखांना सांगितले. नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्या बाबतीत मात्र, ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे काय याचा त्यांनी विचार करावा, असा सल्ला कलेक्टरांनी द्यावा, एवढेच म्हटले. आधी परिषदेची शिफारस, मग सरकारचा हुकूम, मग कलेक्टरचा सल्ला, मग नगरपालिकेचा विचार! गावातील बहुतेक विहिरी आणि तळी कोणाच्या ताब्यात होती? याच स्थानिक संस्थांच्या. म्हणजे जेथे तहान होती, तेथपर्यंत पोहोचेतो ठरावाचे बळ ओसरून गेलेले असे.

काही ठिकाणी मने जागी होती. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने आपल्या ताब्यातील तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे समतावादी कार्यकर्ते महाडच्या सार्वजनिक जीवनात होते, हे त्या गावाचे भाग्य. पण ठराव झाल्यावरही तळ्यावर अस्पृश्यांचे पाऊल पडू शकले नाही. कागद नगरपालिकेच्या दप्तरात राहिला आणि तळ्याच्या काठी रूढीचा पहारा राहिला.

बोले यांचे मोठेपण मला १९२३ पेक्षा १९२६ मध्ये अधिक दिसते. ठराव मांडून टाळ्या घेणारे आणि पुढच्या विषयाकडे वळणारे सभासद तेव्हाही होते, आजही आहेत. बोले तीन वर्षांनी त्याच प्रश्नाकडे परत आले. आपला ठराव गावोगाव धूळ खात पडला आहे, हे त्यांनी पाहिले होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्यास नकार देतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, असा त्याचा आशय होता. सल्ल्याने जे होत नाही, ते पैसा थांबला की होऊ लागते, हे गिरणगावात वावरलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागले नसावे. अर्थात हीदेखील शिफारसच होती.

त्याच १९२६ सालचा एक खराखुरा कायदाही बोले यांच्या नावावर आहे. वतनदार जोशाला बोलावले नाही, त्याच्याकडून विधी करून घेतला नाही, तरी त्याची दक्षिणा चुकती करावी लागे, आणि न दिल्यास तो न्यायालयात जाऊन ती वसूल करू शके. सत्यशोधक पद्धतीने लग्ने लावणाऱ्या शेतकऱ्यांना या दाव्यांनी जेरीस आणले होते. जो विधी केलाच नाही त्याचे द्रव्य मागण्याचा हक्क या कायद्याने रद्द झाला. येथे शिफारस नव्हती, हुकमत होती. म्हणून तो दावा त्या दिवसापासून संपला. एकाच माणसाची एकाच सभागृहातील ही दोन कामे शेजारी ठेवली की ठराव आणि कायदा यांतील अंतर कळते. भटाच्या दक्षिणेतून सुटका कायद्याने झाली. अस्पृश्यांच्या पाण्यासाठी मात्र माणसांना चालत जावे लागले.

ती माणसे गेली. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. बाबासाहेब त्याच वर्षी, फेब्रुवारीत, या विधान परिषदेचे सभासद झाले होते. परिषदेचा ठराव, सरकारचा हुकूम आणि नगरपालिकेचा ठराव असे तिन्ही कागद अस्पृश्यांच्या बाजूने होते. कमी होती ती फक्त पाण्याला हात लावण्याची, आणि ती त्या दिवशी भरून निघाली. त्यानंतरची मारहाण आणि तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला, तो ४ ऑगस्ट १९२७ रोजी. बोले यांच्या मूळ ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. हा योगायोगच असेल. पण शिफारशीचे आयुष्य किती क्षणभंगुर असते, हे त्याहून नेमके कोणती तारीख सांगणार?

पुढची लढाई न्यायालयात गेली. तळे सार्वजनिक नसून खाजगी आहे, असा दावा सनातन्यांनी लावला. ठरावाचा सारा आधार ‘सार्वजनिक’ या शब्दावर होता, आणि त्यांनी घाव घातला तो नेमका त्याच शब्दावर. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांना तात्पुरता मनाईहुकूम मिळाला, म्हणून त्या महिन्यातील दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी तळ्यावर जाणे स्थगित ठेवले. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबरला झाले, ते याच परिषदेत. दावा एका न्यायालयातून दुसऱ्यात चढत मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला. अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादि वहिवाट सनातन्यांना सिद्ध करता आली नव्हती. बोले यांनी ठराव मांडल्यापासून त्या निकालापर्यंत साडेतेरा वर्षांहून अधिक काळ गेला होता. १९२३ साली पहिलीत बसण्याजोगे असलेले पोर तोवर संसाराला लागले असेल.

२६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अमलात आले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात, पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणे यांच्या वापराला जातीच्या कारणाने कोणालाही आडकाठी करता येणार नाही, असे आहे. विद्यार्थ्यांना हा अनुच्छेद शिकवताना मी फळ्यावर एका बाजूला १९२३ चा ठराव लिहितो. सार्वजनिक पैसा ही कसोटी दोन्हीकडे तीच आहे. फरक एवढाच, की पहिल्या मजकुरात सरकारला विनंती आहे, दुसऱ्यात राज्यावर आणि नागरिकांवर बंधन आहे. आणि सतराव्या अनुच्छेदाने तर अस्पृश्यताच नष्ट केली.

बोले यांचा मार्ग हिंदू समाजात राहून सुधारणा करण्याचा होता. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्मत्यागाची घोषणा केली, तेव्हा दोन मार्गांतील अंतर उघड झाले. ते झाकण्याची गरज नाही आणि त्यामुळे १९२३ चे ऋण कमीही होत नाही. दीर्घायुष्य लाभलेले हे गृहस्थ १९६१ साली, नव्वदी ओलांडल्यावर, निवर्तले. म्हणजे १९०७ च्या सभेतील तो मुलगा संविधानाचा शिल्पकार झालेला त्यांनी पाहिला, १४ ऑक्टोबर १९५६ ची वार्ता त्यांच्या हयातीतली आणि त्याच वर्षीचा ६ डिसेंबरही. दादरच्या पश्चिमेला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पाटीवर एस. के. बोले मार्ग असे लिहिले आहे. दरवर्षी चैत्यभूमीवर येणाऱ्या आपल्या लोकांपैकी कित्येकांनी ती पाटी पाहिली असेल.