पटावर नसलेल्या मुलांसाठी
(नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे स्मरण)

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आपण शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात प्रथम वाचतो. नेमस्त पक्षाचे पुढारी, भारत सेवक समाजाचे संस्थापक आणि महात्मा गांधींनी ज्यांना आपले राजकीय गुरू मानले ते, एवढी ओळख परीक्षेपुरती पुरेशी असते. परंतु शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात त्यांचे स्मरण करायचे, ते आणखी एका कारणासाठी केले पाहिजे. मूल शाळेत येत नसेल तर त्याचा जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न त्यांनी विधेयकाच्या रूपाने देशाच्या सर्वोच्च कायदेमंडळापुढे मांडला. त्या विधेयकाचा पराभव झाला. आज आपण ज्याला शिक्षणाचा हक्क म्हणतो त्याची बरीचशी कलमे मात्र त्या पराभूत विधेयकात सापडतात.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूर संस्थानातील कागल येथे नोकरीस होते. उत्पन्न बेताचे आणि कुटुंब मोठे. १८७९ मध्ये वडील वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडले, कागलमध्येच दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चालत असे. या आठ रुपयांत गोपाळने हाताने स्वयंपाक करून, दिव्याच्या तेलाची काटकसर करून आणि प्रसंगी रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास केल्याच्या कथा त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवल्या आहेत.

या कथांत आपले लक्ष सहसा धाकट्या भावाकडे जाते. थोरल्याचे काय झाले, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. त्याच्याजवळ बुद्धी नव्हती किंवा त्याला शाळेचा कंटाळा होता, असे कोणी म्हटलेले नाही. घराला दोघांचे शिक्षण परवडत नव्हते. एका भावाचे नाव पटावर राहावे म्हणून दुसऱ्याचे नाव पटावरून गेले. गोखल्यांनी पुढे जे विधेयक लिहिले, ते वाचताना ही घटना आठवल्यावाचून राहत नाही.

१८८१ मध्ये गोखले मॅट्रिक झाले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशा तीन ठिकाणी शिकून १८८४ मध्ये ते पदवीधर झाले. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरीचे दार सहज उघडत असे. घरच्यांचीही तीच अपेक्षा असणे स्वाभाविक होते. गोखले मात्र पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र असे जे पडेल ते शिकवीत राहिले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येक वर्षे शाळांतून चालले. १९०२ मध्ये त्यांनी महाविद्यालयाचा निरोप घेतला तेव्हा ते मुंबईच्या कायदेमंडळातून कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात पोचले होते. तेथे बोलणारा सभासद अंदाजपत्रकाचा अभ्यासक होता, तसाच सतरा-अठरा वर्षे वर्गासमोर उभा राहिलेला मास्तरही होता.

१९०५ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात धकाधकीचे ठरले. १२ जून रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना झाली. त्यानंतर ते इंग्लंडला गेले, तेथे हिंदुस्थानची बाजू मांडली, आणि डिसेंबरअखेर काशीस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या एकविसाव्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. त्या वेळी त्यांचे वय एकोणचाळीस होते.

काशी ही मराठी माणसाला परकी नगरी नव्हती. गागाभट्टांचे घराणे तेथलेच. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधविले. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती आणि वेद, व्याकरण, न्याय शिकण्यासाठी महाराष्ट्रातून विद्यार्थी शेकडो कोस चालून तेथे जात असत. त्या पाठशाळांत हजेरीपट नव्हता. ज्याला विद्येची ओढ तो येई, गुरू त्याला पदरात घेई, अन्नछत्रात दोन वेळचे भागे. या परंपरेने मोठे पंडित दिले. मात्र ज्याच्या जातीला किंवा लिंगाला त्या दारातून प्रवेशच नव्हता, त्याची गैरहजेरी कोणाच्या लक्षातही येत नव्हती.

अशा विद्यानगरीत गोखले अध्यक्षपदावरून बोलले. वंगभंगाचा आदेश नुकताच अमलात आला होता आणि सारा देश त्या विषयाने पेटला होता. भाषणाचा मोठा भाग साहजिकच त्याला वाहिलेला होता. तथापि, सरकारकडे ताबडतोब मागावयाच्या सुधारणांची जी यादी त्यांनी दिली, तीत लष्करी खर्चातील कपात आणि शेतकऱ्यांचे कर्ज यांच्याबरोबरच प्राथमिक शिक्षणाचा प्रसारही होता. त्याच दिवसांत, त्याच शहरात, पंडित मदनमोहन मालवीय यांनी हिंदू विश्वविद्यालयाची आपली कल्पना लोकांपुढे ठेवली. एकाने शिक्षणाचा कळस मागितला, दुसऱ्याने पाया. दोघांच्या मागण्यांत विरोध नव्हता, हे पुढे सात वर्षांनी दिसून आले.

पायाची स्थिती काय होती? १९०४ मध्ये खुद्द लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने आपल्या शिक्षणविषयक ठरावात कबूल केले होते की, पाचांपैकी चार गावांत शाळा नाही, चार मुलग्यांपैकी तिघे शिक्षणावाचून वाढतात आणि चाळीस मुलींमागे एकच शाळेत जाते. हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती, तिला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

गोखल्यांपुढे एक उदाहरण मात्र अगदी घराजवळचे होते. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू केला. शाळेच्या वयाच्या मुलग्यांपैकी बडोद्यात शेकडा ७९.६ शाळेत होते, तर ब्रिटिश मुलखात शेकडा २१.५. मुलींचे प्रमाण बडोद्यात शेकडा ४७.६ आणि ब्रिटिश मुलखात शेकडा ४ होते. हे आकडे गोखल्यांनी कायदेमंडळात वाचून दाखवले. एक देशी राजा जे करू शकतो ते साम्राज्य सरकारला का जमू नये, या प्रश्नाला सरकारी बाकांवरून समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

मार्च १९१० मध्ये त्यांनी प्रथम एक ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. वर्षभरात पुरेसे काही घडले नाही, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयकच मंडळापुढे आणले. इंग्लंडचे १८७० व १८७६ चे आणि आयर्लंडचा १८९२ चा, असे कायदे त्यांनी नमुन्यादाखल घेतले होते.

या विधेयकाची घडण शिक्षकाच्या हातची आहे, हे त्याची कलमे वाचताच कळते. सक्ती सरसकट नव्हती. ज्या नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला ती हवी असेल तिने सरकारची मंजुरी घेऊन आपल्या हद्दीत लागू करावी, आणि तीही त्या भागातील ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत येत असतील तरच. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्याला शाळेत पाठविणे हे पालकाचे कर्तव्य ठरणार होते. मुलींनाही हा नियम लावण्याचा अधिकार स्थानिक संस्थेकडे ठेवला होता. अत्यंत गरीब पालकांना, म्हणजे ज्यांची मासिक प्राप्ती दहा रुपयांहून कमी आहे अशांना, फी पूर्ण माफ होती. दहा वर्षांच्या आतील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी होती आणि ती मोडणाऱ्यास शिक्षा होती.

सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला भाग गैरहजेरीचा होता. प्रत्येक गैरहजेरी गुन्हा मानलेली नव्हती. एक मैलाच्या आत शाळा नसणे, आजारपण किंवा शारीरिक व्यंग, घरची अडचण, शेतीच्या हंगामाची निकड, ही सबळ कारणे म्हणून कायद्यातच नमूद केली होती. पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरी लहान हातांचीही गरज पडते, आणि घरातले कर्ते माणूस गेले की मुलाच्या शाळेवर संकट येते, हे कागलच्या त्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नव्हते.

अशी कारणे तपासण्यासाठी शाळा-उपस्थिती समित्या नेमावयाच्या होत्या. त्यांचे पहिले काम दंड करण्याचे नव्हते. आपल्या भागात शाळेत असावयास हवीत अशी मुले किती व कोणती, याची काळजीपूर्वक चौकशी करून यादी तयार करावयाची आणि ती अद्ययावत ठेवावयाची, हे ते काम होते. शाळेच्या हजेरीपटाला फक्त दाखल झालेली मुले ठाऊक असतात. जे मूल कधी दाखलच झाले नाही, त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूणही होत नाही. समितीच्या यादीत त्या मुलाचे नाव प्रथमच येणार होते. उपस्थितीसाठी आवश्यक ते उपाय समितीने योजावेत आणि त्यांना न जुमानणाऱ्या पालकांवर कायद्याचा बडगा उगारावा, अशी योजना होती. शिक्षाही मुद्दाम सौम्य ठेवल्या होत्या.

विधेयक प्रांतोप्रांती मतासाठी फिरले. आक्षेप अनेक निघाले. लोकांकडून मागणीच नाही, सक्तीने गरिबाला जाच होईल, शिक्षक नाहीत, इमारती नाहीत, पैसा नाही, सध्याच्या ऐच्छिक मार्गानेच पुढे जावे, असे ते होते. मुले शिकली तर शेतावर राबणार कोण, ही भीतीही जमीनदार वर्गात होती. खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी उचलावा, ही गोखल्यांची सूचना सरकारला मानवली नाही. जाचाच्या आक्षेपात मात्र तथ्याचा अंश होता. दंड भरावा लागणारा माणूस गरीबच असणार, हे उघड होते. म्हणूनच फीमाफी, सबळ कारणांची यादी आणि समितीची चौकशी ही तिन्ही कलमे दंडाच्या कलमाइतकीच महत्त्वाची होती.

१९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. विधेयकाच्या बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ मते पडली. बाजूने बोलणाऱ्यांत बॅरिस्टर जीना होते आणि काशीत विश्वविद्यालयाचे स्वप्न पाहणारे मालवीयही होते. निकाल काय लागणार याची गोखल्यांना कल्पना होती. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून सेवा करणे आले आहे, अशा भावनेने त्यांनी तो स्वीकारला आणि ते पुढच्या कामाला लागले. मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने आणखी तीन वर्षेही साथ दिली नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

पराभूत विधेयकाचे पुढे काय झाले? ज्या कोल्हापुरात गोखले आठ रुपयांवर शिकले, तेथे १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरवला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याचा अधिकार मिळाला. ज्या प्रांतात काशी होती त्या संयुक्त प्रांतातही १९१९ मध्ये तशाच धर्तीचा कायदा झाला. संविधानात २००२ च्या दुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी तो कायद्याने अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी! नव्या कायद्यात सक्ती या शब्दाचा अर्थही पालटला. मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता यांची खातरजमा करणे ही आता प्रथम शासनाची जबाबदारी आहे. पालकाचे कर्तव्य कायम आहे, पण ते एकट्याचे राहिलेले नाही.

कायदा झाला म्हणून प्रश्न संपला, असे कोणी शिक्षक म्हणणार नाही. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर जाणारी मुले, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी थांबणाऱ्या मुली, दूरच्या रस्त्यामुळे पावसाळ्यात घरी बसणारी मुले आजही महाराष्ट्रात आहेत. गोखल्यांनी १९११ मध्ये लिहिलेली कारणे फारशी बदललेली नाहीत. अशा मुलाचे नाव पुकारल्यावर वर्गात उत्तर येत नाही, तेव्हा लाल शाईची खूण करून पुढच्या नावाकडे वळता येते, किंवा दुपारी त्याच्या घरी जाऊन विचारपूस करता येते. शाळेचे वय या दुसऱ्या प्रकारच्या दिवसांनी मोजले पाहिजे.

या ग्रंथाच्या वाचकांपैकी पुष्कळांनी आपल्या घरात एखादे गोविंदराव पाहिले असतील. आपल्या शिक्षणासाठी स्वतःचे सोडणारा मोठा भाऊ, लवकर कामाला लागलेली बहीण किंवा शाळेची पायरी न चढलेली आई. त्यांची नावे कोणत्याही हजेरीपटात सापडणार नाहीत. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील, आपल्या कारखान्यातील, आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईचे एखादे मूल शाळेबाहेर आहे काय, एवढी चौकशी केली आणि ते शाळेत टिकेपर्यंत त्याची पाठ सोडली नाही, तर गोखल्यांना अभिप्रेत असलेल्या समितीचे काम कोणत्याही नेमणुकीवाचून सुरू होईल.