डॉ. आंबेडकर बॅरिस्टर का झाले?

शालान्त परीक्षा पार पडली की घरोघरी एकच विचार सुरू होतो. पुढे कोणत्या महाविद्यालयात जावे, खर्च कसा भागवावा आणि शिकून काय व्हावे? या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. शिष्यवृत्ती एकीकडे मिळते, मनाजोगा विषय दुसरीकडे असतो आणि पोटाचा मार्ग तिसरीकडेच दिसतो. अशा वेळी थोरांच्या चरित्रांकडे पाहिले असता बरेच काही उमगते. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांना हे तिन्ही प्रश्न फार कठीण रूपात सोडवावे लागले. त्यांच्या चरित्राचा तेवढाच भाग आम्ही येथे सांगणार आहोत.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळील महू येथे झाला. वडील रामजी हे लष्करात सुभेदार. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या महार समाजातील हे कुटुंब असल्यामुळे शाळेत वेगळे बसणे आणि पाण्यावाचून राहणे भीमरावांच्या वाट्यास आले. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढील शिक्षणाचा खर्च रामजींना झेपेना, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि तिच्या आधारावर भीमराव १९१२ साली बी. ए. झाले. १९१३ च्या जानेवारीत ते बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, पण लगेच फेब्रुवारीत पित्याचे छत्र हरपले.

त्याच वर्षी महाराजांनी त्यांस अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी पाठविण्याचे ठरविले. दरमहा साडेअकरा पौंड याप्रमाणे तीन वर्षांची शिष्यवृत्ती ठरली. परंतु शिष्यवृत्ती म्हणजे केवळ देणगी नव्हे, तो करारही असतो. शिक्षण पुरे होताच संस्थानाची दहा वर्षे नोकरी करावी, अशी त्यात अट होती. बावीस वर्षांच्या त्या तरुणाने ती मान्य केली आणि जुलै १९१३ मध्ये तो न्यूयॉर्कला पोहोचला.

कोलंबिया विद्यापीठ भीमरावांच्या वृत्तीस पुरेपूर मानवले. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान अशा अनेक विषयांचे दरवाजे तेथे खुले होते. अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. सहाध्यायांच्या पंक्तीस बसताना कोणी जात विचारीत नव्हते, हाही अनुभव त्यांस नवा होता. १९१५ साली त्यांनी एम. ए. केले आणि १९१६ साली डॉक्टरेटसाठी प्रबंध सिद्ध केला. एवढ्यावर थांबले असते तरी त्यांचे नाव विद्वानांत गणले गेले असते.

पण ते थांबले नाहीत. १९१६ साली लंडनला जाऊन त्यांनी एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातले. अर्थशास्त्राच्या संशोधनासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इन. येथे थोडा खुलासा करणे इष्ट आहे. ग्रेज इन हे विद्यापीठ नव्हे. ती लंडनच्या बॅरिस्टरांच्या चार जुन्या संस्थांपैकी एक आहे. तेथे प्रवेश घेऊन ठरलेली सत्रे भरावी लागत, म्हणजे संस्थेच्या सभागृहातील भोजनांस हजर राहावे लागे, आणि परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागे. त्यामुळे दुसरीकडे अध्ययन करीत असतानाही बॅरिस्टरीचा अभ्यास करता येई.

कायदा शिकण्याची सोय मुंबईत नव्हती असे नाही. १८५५ साली सुरू झालेले सरकारी लॉ कॉलेज तेथे होतेच. मग हा खटाटोप कशासाठी? आमच्या मते यामागील विचार स्पष्ट आहे. ज्ञानासाठी अर्थशास्त्र आणि स्वतंत्र चरितार्थासाठी कायदा, अशी त्यांनी वाटणी केली होती. प्राध्यापक असो वा अधिकारी, नोकरी दुसऱ्याच्या हाती असते. सनद मिळालेल्या बॅरिस्टरास मात्र वरिष्ठाची मर्जी सांभाळावी लागत नाही. अन्यायाविरुद्ध ज्याला आयुष्यभर बोलायचे आहे, त्याची भाकरी दुसऱ्याच्या हाती असून चालत नाही.

या विचाराची सत्यता लवकरच पटली. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास आले. एवढा विद्वान संस्थानाच्या सेवेत रुजू होत होता, पण शहरात त्यास राहावयास खोली मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काही पारशी मंडळी लाठ्या घेऊन आली आणि त्यांनी जागा सोडण्यास फर्माविले. दोन परिचितांच्या घरीही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोपर्यंतचे कित्येक तास त्यांनी कमाटी बागेत काढले. शिष्यवृत्ती देणारा राजा उदार होता. समाज मात्र तितका उदार नव्हता. बडोद्याच्या इतिहासातील हे पान आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांस प्राध्यापकाची जागा मिळाली. वेतन दरमहा ४५० रुपये. गरिबीत वाढलेल्या कुटुंबास ही रक्कम लहान नव्हती आणि येथेच स्थिर होणे कोणालाही योग्य वाटले असते. पण लंडन विद्यापीठाने अभ्यास पुन्हा सुरू करण्यासाठी ऑक्टोबर १९१७ पासून चारच वर्षांची मुदत दिली होती. भीमरावांनी काटकसर करून पैसे साठविले, १९२० साली नोकरीचा राजीनामा दिला, कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज काढले आणि पुन्हा लंडन गाठले. घरी पत्नी रमाबाई ओढाताण सोसून संसार चालवीत होत्या. त्यांच्या त्यागाचा उल्लेख केल्यावाचून ही कथा पुरी होणार नाही.

या वेळी कोणाचीही अट नव्हती, पण हाती पैसाही बेताचाच होता. अर्धपोटी राहून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस दिवस वाचीत बसत. १९२१ साली एम. एस्सी. झाले. १९२२ साली ग्रेज इनने त्यांस बॅरिस्टर म्हणून मान्यता दिली आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली.

१९२३ साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. एवढ्या पदव्या असूनही पक्षकारांची रीघ लागली नाही, कारण जातीची भिंत तेथेही उभी होती. उत्पन्नास जोड म्हणून त्यांनी शिकविण्याचे कामही केले. परंतु वकिली स्वतंत्र होती, म्हणूनच १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह करताना त्यांस कोणा वरिष्ठाची परवानगी मागावी लागली नाही. त्या तळ्याचा दावा वर्षानुवर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. मुंबईच्या ज्या सरकारी लॉ कॉलेजात ते विद्यार्थी म्हणून गेले नाहीत, त्याचेच ते १९३५ साली प्राचार्य झाले. ऑगस्ट १९४७ मध्ये राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांजकडे आले, तेव्हा कोलंबियाचे अर्थशास्त्र व राज्यशास्त्र आणि ग्रेज इनचा कायदा ही दोन्ही शस्त्रे त्यांच्या हाती होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रातून आम्हांस तीन गोष्टी दिसतात. शिष्यवृत्ती कृतज्ञतेने घ्यावी, पण तिची मुदत आणि तिच्या अटी आधी वाचाव्यात. विद्यालय निवडताना त्याच्या नावलौकिकाइतकेच तेथे आपल्या बुद्धीस खाद्य मिळेल का, हेही पाहावे. आणि व्यवसाय ठरविताना पगाराबरोबरच, त्यात आपणांस ताठ मानेने उभे राहता येईल का, हा प्रश्न स्वतःस विचारावा. यांपैकी तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाबासाहेबांनी साडेचारशे रुपयांची जागा सोडली, ती त्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून.