निराश्रितांचे आश्रयदाते : श्री संत गाडगे महाराज

देवस्थानाचे वैभव शिखराच्या उंचीवरून मोजण्याची रीत सर्वत्र आहे. परंतु देवदर्शनास आलेल्या दरिद्री यात्रेकरूस रात्री पाठ टेकावयास जागा मिळते किंवा नाही, ह्या कसोटीवर तीर्थक्षेत्रे पारखणारा एक सत्पुरुष आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. ते म्हणजे श्री संत गाडगे महाराज होत.

महाराजांचा जन्म दिनांक २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका गरीब परीट कुटुंबात झाला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे मूळ नाव. पित्याचे छत्र लवकर हरपल्यामुळे त्यांचे बालपण आजोळी दापुरे येथे गुरे राखण्यात व शेतात राबण्यात गेले. सावकारी पाशात शेत जाताना त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. १९०५ साली त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हाती खराटा व दुसऱ्या हाती मातीचे गाडगे एवढाच त्यांचा संसार उरला.

गावात पाऊल ठेवताच ते प्रथम रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. नवससायास, पशुहत्या, कर्ज काढून केलेले सोहळे ह्यांवर ते कठोर प्रहार करीत. त्यांच्या शब्दाने हेलावलेले श्रोते सढळ हस्ते दान देत. तो पैसा महाराजांनी देवळे बांधण्याकडे न वळविता घाट, धर्मशाळा, गोरक्षण, सदावर्ते व विद्यार्थी वसतिगृहे ह्यांकडे वळविला.

पंढरीच्या वारीत हजारो गोरगरीब उघड्यावर रात्र काढीत. अस्पृश्य गणलेल्या वारकऱ्यांना तर कोणत्याही धर्मशाळेचे दार उघडत नसे. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर श्रीविठ्ठलमंदिर हरिजनांना खुले झाले. परंतु त्यापूर्वी कित्येक वर्षे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारून त्यांना हक्काचा निवारा दिला होता. ही वास्तू त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा उभ्या राहिल्या. नाशकात अंध-पंगूंसाठी अन्नदान सुरू झाले.

लाखो रुपयांच्या वास्तू उभारूनही महाराजांनी त्यांवर स्वतःचा वा कुटुंबाचा अधिकार ठेवला नाही. कारभार विश्वस्तांकडे सोपविला. कुटुंबीय मात्र झोपडीतच राहिले. १९२३ साली पुत्र गोविंद निवर्तल्याची वार्ता खारेपाटण येथे आली, तेव्हाही त्यांनी कीर्तन थांबविले नाही. दिनांक २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक, त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाच्या मिशनची मुंबईत दादर येथील धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या परगावच्या रुग्णांना आसरा देते.

महाराजांच्या चरित्राचे सार इतकेच, की भाविकांनी देवास वाहिलेले द्रव्य हे निराश्रितांची ठेव असून विश्वस्त व महाजन हे तिचे केवळ राखणदार आहेत. आपली काकती पुणे-बंगळूर हमरस्त्यावर वसलेली आहे. पंढरीस पायी जाणारे वारकरी, ऊसतोडीसाठी येणारी बिऱ्हाडे, वृद्धापकाळी घर सुटलेले जीव ह्या परिसरास अपरिचित नाहीत. उत्सवाचा मंडप उतरल्यावर देवळाची ओवरी कुलूपबंद राहावी, की जातपात न विचारता अशा एखाद्या जिवास रात्रीपुरती मोकळी व्हावी, ह्याचा निर्णय सर्वस्वी महाजन मंडळींच्या हाती आहे. तो करण्याची सद्बुद्धी श्रीकृपेने आपणां सर्वांस लाभो, हीच प्रार्थना.